मीटरला ग्लो डायल बसवायचीय? आधी काट्याचं बघा

जुन्या गाड्यांची मीटरं रात्री बघा एकदा नीट. मागे दोन-तीन पिवळे बल्ब, मधे उजेड आणि कडेचे आकडे अंधारात, काटा ६० वर आहे का ७० वर ते अंदाजानेच ठरवायचं. मारुती ८००, जुनी झेन, एस्टीम, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच. बल्ब बदलून एलईडी टाकले तरी प्रकाश मागून एका ठिकाणाहूनच येतो त्यामुळे ठिपके दिसतात. म्हणून मग लोक ग्लो डायल घेतात, आणि खरं सांगतो नीट बसवली तर फार सुंदर दिसते, वाचायलाही सोपी जाते. पण बाजारात दोन-तीन हजारात "बसवून देतो" म्हणणारे बरेच जण काटा उपटतात, डायल चिकटवतात, काटा परत ठोकतात आणि गाडी हातात देतात. दिसायला मस्त, आणि स्पीड दाखवतो भलताच. म्हणून हे सविस्तर लिहितोय. काम घरी होण्यासारखं आहे, एक सुट्टीचा दिवस ठेवा आणि घाई करू नका.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. ग्लो डायल म्हणजे ईएल (इलेक्ट्रोल्युमिनेसंट) शीट, करंट दिला की स्वतःच उजळणारी. पातळ प्लास्टिकच्या शीटमधे झिंक सल्फाइडच्या पावडरीचा थर असतो, त्याच्या खाली-वर करंट वाहून नेणारे दोन थर, वरचा पारदर्शक. त्याला एसी करंट दिला की अख्खी शीट एकसारखी उजळते, बल्ब नाही, फिलामेंट नाही, उष्णता जवळपास नाही. हा गुण १९३६ मधे जॉर्ज देस्त्रिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाला सापडला आणि १९६० साली क्रायस्लरने आपल्या मोठ्या गाड्यांच्या मीटरला कंपनीतूनच असा उजेड दिला होता, म्हणजे प्रकार काही कालचा नाही. आता यातला महत्त्वाचा मुद्दा असा की गाडीत आहे १२ व्होल्ट डीसी आणि शीटला लागतो साधारण १०० व्होल्टच्या आसपास एसी, म्हणून किटसोबत काडेपेटीएवढा इन्व्हर्टर येतो. करंट अगदी कमी असतो त्यामुळे जिवाला धोका नाही पण चांगला चटका बसतो, तेव्हा इन्व्हर्टर चालू असताना त्याच्या आउटपुटला हात लावायचा नाही, आणि शीट जोडल्याशिवाय इन्व्हर्टर चालू करायचा नाही, बरेचसे इन्व्हर्टर बिनलोडचे चालवले की जळतात.

किट घेताना रंग सगळ्यात शेवटी बघा. पहिल्यांदा बघायचे आकडे. तुमच्या मूळ मीटरचा समोरून सरळ फोटो काढा, तिरका नको, आणि किटच्या डायलशी आकडा न आकडा जुळवा: ० कुठे आहे, ४० कुठे, ८० कुठे, शेवटचा आकडा कुठे. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमधे एकाला १४० पर्यंत आणि दुसऱ्याला १८० पर्यंत डायल असू शकते, काट्याचा फिरण्याचा कोन तोच आणि आकडे वेगळे, मग तुमचा ६० चा काटा नव्या डायलवर ७७ च्या आसपास दिसणार. बाहेरून मागवलेल्या किटमधे मैलाचे आकडे मोठे आणि किलोमीटरचे बारीक असतात, तशी अजिबात घेऊ नका. तयार किट मुख्यतः अमेरिका-जपानकडच्या गाड्यांसाठी निघाली, सिविकसाठी ढीगभर मिळतील, आपल्या जुन्या मारुतींसाठी शोधावं लागतं. मुंबईत ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारा, इन्व्हर्टर आणि वायरचं सामान पुण्यात तापकीर गल्लीत आरामात मिळतं. मूळ डायलवर वॉर्निंग लाइटच्या ज्या खिडक्या आहेत, म्हणजे ऑइल, बॅटरी, हँडब्रेक, अप्पर, त्या सगळ्या नव्या डायलवर त्याच जागी पाहिजेत. एक जरी झाकली जात असेल तर ती किट परत द्या, कितीही आवडलेली असू दे.

आणि अजून एक, ज्या गाडीत मीटर पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे, चावी फिरवली की काटे एकदा वर जाऊन खाली येतात, तिथे हे खालचं सगळं तसंच्या तसं लागू होत नाही, काट्यामागे स्टेपर मोटर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी छोटी मोटर असते आणि तिची गणितं वेगळी. मी लिहितोय ते केबलवाल्या आणि साध्या काटेवाल्या मीटरबद्दल.

मीटर उघडायच्या आधी एक काम जे नव्वद टक्के लोक करत नाहीत. मोबाइलवर जीपीएस स्पीड लावा, शेजारी कुणालातरी बसवा, मोकळ्या सरळ रस्त्यावर ४०, ६० आणि जमलं तर ८० ला गाडी स्थिर ठेवा आणि शेजारच्याला दोन्ही आकडे लिहून घ्यायला सांगा. जीपीएस ६० आणि मीटर ६४ असेल तर घाबरू नका, मीटर मुद्दामच थोडं जास्त दाखवतं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ नंबरच्या रेग्युलेशनमधे तर असं आहे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही आणि जास्त दाखवायचं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी एवढंच, म्हणजे खरे ६० असताना ७० पर्यंत चालतं. तुमचा ६४ हा तुमचा आकडा. काम झाल्यावर तोच आला पाहिजे. पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा काटा गाडी चालू असताना कुठे आहे त्याचा फोटो घ्या आणि ओडोमीटरचा, म्हणजे एकूण किलोमीटरच्या आकड्यांचाही.

आता खोलायचं. १० चा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअरबॅगवाली गाडी असेल तर मॅन्युअलमधे दिलाय तेवढा वेळ थांबा. स्टिअरिंग खाली होत असेल तर खाली करा, कॉलमवर जुना टॉवेल टाका. मीटरभोवतीच्या फ्रेमचे स्क्रू काढा, एखादा स्क्रू वरच्या कडेला आत लपलेला असतो, फ्रेम येत नाही म्हणून हिसका मारू नका, वीस-पंचवीस वर्षांचं प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं असतं आणि लॉक तुटलं की मग आयुष्यभर खडखड. मीटरचे स्क्रू काढून ते थोडं पुढे ओढा, मागे हात घालून स्पीडोच्या केबलचं लॉक दाबा आणि केबल सरळ मागे खेचा. कपलर, म्हणजे मीटरमागच्या वायरींचा प्लग, काढताना वायरला धरून ओढायचं नाही. केबलचं आतलं टोक चौकोनी असतं ते झिजलेलं नाही ना बघून घ्या, आत ग्रीस घालायचा मोह आवरा, वरच्या टोकाला लावलेलं ग्रीस फिरत फिरत मीटरमधे चढतं.

टेबलावर पांढरं स्वच्छ कापड, त्यावर मीटर. समोरची काच, म्हणजे असतं ते प्लास्टिकच, लॉक एकेक सोडवत काढा. धुवायला साधं साबणाचं पाणी आणि मऊ कापड, थिनर किंवा पेट्रोल लावलंत तर धुरकट होऊन कायमची गेली.

आता काटा. इथे वेळ द्या. केबलच्या मीटरमधे केबलने एक चुंबक फिरतं, त्याच्याजवळ ॲल्युमिनियमची वाटी असते, चुंबक तिला न शिवता ओढतं आणि घड्याळात असते तशी एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. वाटी, स्प्रिंग आणि काटा एकाच दांडीवर. म्हणजे काट्याला तुम्ही जो काही धक्का देणार तो थेट त्या केसाएवढ्या स्प्रिंगला. आणि ० वर जी छोटी पिन असते ना, काटा तिथे थांबलेला दिसतो पण तो तिथे थांबवलेला असतो, स्प्रिंग त्याला अजून खाली ओढत असते. हा ताण काट्याच्या जागेवरून ठरतो. काटा उपटून पिनपाशी नुसता ० वर बसवला की हा ताण गेला, आणि मग मीटर सगळीकडे जास्त दाखवायला लागतं.

म्हणून असं करा. काट्याचं टोक बोटाने अलगद उचला, पिनवरून पलीकडे जाऊ द्या, तो खाली जाऊन आपोआप जिथे स्थिरावेल ती त्याची खरी जागा. तिथे खूण करायची, पण जुन्या डायलवर नाही हां, ती नव्या डायलखाली जाईल. डायलच्या बाहेर मीटरच्या घरावर मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि त्यावर बारीक टोकाच्या पेनाने रेघ ओढा. फोटोही काढा, मोबाइल बरोबर वर धरून. मग काट्याच्या बुडाच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा आणि त्यावर दोन चमच्यांचे दांडे टेकवून दोन्हीकडून सारखाच जोर देत काटा सरळ वर उचला. फिरवायचा नाही, एका बाजूने उकरायचा नाही. पेट्रोल आणि टेंपरेचरच्या काट्यांचंही तसंच, फक्त काही मीटरांमधे चावी बंद केली तरी हे काटे होते तिथेच राहतात, अशा वेळी ते जिथे आहेत तिथेच खूण करून काढा.

काही किटमधे डायलला खालून चीर दिलेली असते, काटा न काढता सरकवून बसवता येते. अशी मिळाली तर डोळे झाकून तीच घ्या. पण चीर नसलेल्या शीटला स्वतः कात्री लावू नका, कापलेल्या कडेला आतले दोन थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होऊ शकतात आणि तिथून दमट हवा आत शिरते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात शीटला जे काळे डाग पडतात ते याच दमट हवेने.

नवी डायल आधी नुसती ठेवून बघा, खिडक्या जुळतात का, ओडोमीटरचे आकडे पूर्ण दिसतात का, मधल्या भोकात दांडी बरोबर मधोमध येते का. मग मूळ डायलवरच पातळ दुहेरी टेपचे चार छोटे तुकडे लावून बसवा, जाड फोमची टेप नको, डायल वर उचलली जाते आणि काटा घासतो. चपटी पट्टी जी शीटमधून वायरकडे जाते ती घडी पडू न देता गोल वळवून बाहेर काढायची, काचेखाली दबत असेल तर घराच्या कडेला कानसने छोटी खाच करा. काटा परत बसवताना टेपवरच्या रेघेवर धरून एका बोटाने हळू दाबा, बूड आणि डायल यांच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवा, मग काटा पिनवरून परत वर आणून सोडा. हलक्या फुंकरीने हलला आणि परत ० वर आला म्हणजे मोकळा आहे.

वायरिंग. इन्व्हर्टरचा प्लस पार्किंग लाइटच्या वायरवर घ्यायचा, कायम चालू असलेल्या वायरवर नाही, कारण ईएल शीट जितका वेळ पेटते तितकी हळूहळू मंद होत जाते, दिवसा पेटवून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. बॅटरी तात्पुरती जोडून मल्टीमीटर लावा, पार्किंग लाइट चालू केल्यावर १२ आणि बंद केल्यावर ० दाखवणारी वायर ती. मायनस मात्र मीटरच्या बल्बच्या वायरवर घेऊ नका, काही गाड्यांत डिमर (मीटरचा उजेड कमी-जास्त करणारा) त्या बाजूला असतो आणि मग इन्व्हर्टर लुकलुकतो किंवा ओरडतो. सरळ बॉडीला, रंग खरवडून, स्क्रूने अर्थिंग द्या. प्लसला १ अँपिअरचा फ्यूज हवाच. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), पिळून टेप मारलेले जोड विदर्भातल्या उन्हात टेपचा गोंद वितळून सुटतात. इन्व्हर्टर बारीक चीं असा आवाज करतो, म्हणून त्याला फोममधे गुंडाळून डॅशबोर्डच्या आत लांब ठेवा, आणि रेडिओच्या अँटेनाच्या वायरपासून तर नक्कीच लांब, नाहीतर आकाशवाणीच्या एएम स्टेशनवर खरखर ऐकावी लागेल.

मूळ बल्ब काढू नका. काटे बऱ्याचदा त्याच उजेडात दिसतात. आणि वॉर्निंग लाइटचे बल्ब, त्यातही बॅटरीचा, याला हात लावू नका, "सगळेच एलईडी करून टाकू" म्हणून तो बदलतात आणि मग गाडी चार्ज होत नाही म्हणून अल्टरनेटर खोलतात. जुन्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो, एलईडीतून तेवढा जात नाही.

सगळं बंद करायच्या आधी कपलर जोडून, केबल न लावता, चावी ऑन करा. ऑइल आणि बॅटरीचे लाइट लागले पाहिजेत, हँडब्रेक ओढल्यावर त्याचा, अप्पर दिल्यावर निळा, दोन्ही इंडिकेटर. भर दुपारी उन्हातही बघा, नव्या डायलमधून लाल दिवा फिका दिसत असेल तर खिडकीत काहीतरी अडतंय. मग गाडी चालू करा, ऑइल आणि बॅटरीचे लाइट विझले पाहिजेत. पार्किंग लाइट लावून डायल एकसारखी उजळते का बघा.

मग काच, स्क्रू, केबलचं लॉक खट्ट वाजेपर्यंत, फ्रेम. आणि तोच रस्ता, तेच जीपीएस, तोच शेजारी बसणारा. आधीच्या आकड्यांच्या एक-दोन किमी इकडेतिकडे चालेल. सगळ्या वेगांना सारखाच फरक असेल, म्हणजे ४० लाही ५ जास्त आणि ८० लाही ५ जास्त, तर काटा दांडीवर चुकीच्या जागी बसलाय, परत उघडून खुणेवर घ्या. ४० ला थोडा आणि ८० ला त्याहून बराच जास्त फरक असेल तर डायलवरचे आकडेच तुमच्या मीटरचे नाहीत, तिथे काटा सरकवून काही होणार नाही, जुनी डायल परत लावा, म्हणूनच ती खाली तशीच ठेवायची. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत असेल तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत हायवेला नेऊ नका. पेट्रोलचा काटा पुढच्या वेळी टाकी फुल केली की फोटोशी ताडून बघा, आणि तोपर्यंत रिझर्व्हच्या भरवशावर राहू नका.