सोलापूरच्या वॉर्डातले आकडे: क्वालिटी विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

नर्सिंग करून सोलापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात लागले, तेव्हा पहिलंच काम मिळालं डिस्चार्जचं. सकाळच्या राउंडला डॉक्टर 'आज सोडा' म्हणायचे आणि अक्कलकोट, मोहोळकडचे पेशंट दुपार उलटली तरी पिशव्या बांधून कॉटवर बसून असायचे. एसटी चुकायची.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून पेशंट निघेपर्यंत किती वेळ लागतो, याची मी तीन महिन्यांची सरासरी काढली. बरी आली. मग रजिस्टर उघडलं, तर वेळा अशा: 11:00, 11:30, 12:00. 11:07 कुठेच नाही! ड्युटी संपताना अंदाजाने लिहिलेल्या. दोष सिस्टरांचा नव्हता; एकीकडे अख्खा वॉर्ड असला की घड्याळ कोण बघणार? म्हणून आकडेमोडीआधी रजिस्टर बघाच.

मग केसपेपरला एक चिठ्ठी लावली. डॉक्टरांनी सांगितलं, डिस्चार्ज समरी (उपचारांचा सारांश) झाली, बिल झालं, पेशंट निघाला, एवढ्याच चार वेळा, त्या त्या क्षणी लिहायच्या. तेही रोज पाचच पेशंटच्या. आठवड्यात कळलं, उरलेली औषधं फार्मसीला परत जाईपर्यंत बिल अडतं. ती आदल्या संध्याकाळीच परत करायची, असं ठरवून एकाच वॉर्डात सुरू केलं.

दुसऱ्याच दिवशी डिस्चार्जला लागणारी वेळ वाढली. इन्चार्ज म्हणाल्या, "बंद कर गं हे." मी थोडे दिवस मागून घेतले. रोजचा मध्यक, म्हणजे वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ, रन चार्टवर, म्हणजे दिवसागणिक बिंदूंच्या आलेखावर, मांडत गेले. सरासरी नाही, कारण विम्याची मंजुरी अडकलेला एकच पेशंट ती ओढून नेतो. बदलाआधीच्या मध्यकाच्या एकाच बाजूला सलग 6 बिंदू आले, तर बदल खरा धरायचा. एखादा बिंदू वरखाली होणारच. योगायोगाची चढउतार आणि खरा बदल वेगळे ओळखायचा आलेख वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन अभियंत्याने 1924 मध्ये टेलिफोनच्या कारखान्यासाठी मांडला होता. गिरण्यांच्या या गावात मला ते फार जवळचं वाटतं.

आमचे सलग 6 बिंदू खाली आले. पण सोबत दुसरा आकडाही ठेवला होता: रात्रीचा डोस चुकला का? एकदा चुकला. एका आजींचं रात्रीचं इंजेक्शन उरलेल्या औषधांबरोबर परत गेलं होतं. रात्री पुन्हा मागवून दिलं, पण उशिरा. दुसऱ्या दिवसापासून रात्रीचे आणि सकाळचे डोस आधी ट्रेमध्ये बाजूला काढायचे, सिस्टरने सही करायची, मगच बाकीची औषधं फार्मसीला. चिठ्ठीवर पाचवी ओळ वाढली.