एरेटर घ्यायच्या आधी एकदा पहाटे साडेपाचला उठा

एरेटर म्हणजे माशांच्या तळ्यात हवा मिसळणारं यंत्र. ते आणायला दुकानात जायच्या आदल्या आठवड्यात एक दिवस पहाटे साडेपाचला उठून तळ्यापाशी जा. टॉर्च पाण्यावर मारू नका, बाजूला धरा. मासे मधल्या पाण्यात किंवा तळाशी संथ असतील तर घाई नाही, आठवडाभर चौकशी करून घ्या. पण वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, पाणी पडतं त्या कोपऱ्यात गोळा झाले असतील, तर प्राणवायू आत्ताच कमी पडतोय. आधी माशांना खाणं घालायचं बंद करा, मग पुढचं वाचा.

ही वेळ मुद्दाम सांगतोय. दिवसा उजेडात पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं. अंधार पडला की तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ असे सगळे मिळून तो वापरत राहतात आणि भर घालायला वाऱ्याखेरीज कुणी नसतं. म्हणून साठा सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या आधी. दुपारी बारा वाजता किट घेऊन पाण्यातला प्राणवायू मोजणारे आणि आकडा बघून खूश होणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांतला एक मीच होतो.

आमचं तळं नवी मुंबईतल्या घणसोली गावात, घरामागे. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर खोल. त्यात कोई, म्हणजे शोभेचे रंगीत मासे, आणि थोडे गोल्डफिश. एका जुलैत दोन दिवस नुसतं अंधारून होतं, ऊन असं पडलंच नाही, आणि तिसऱ्या रात्री एकच्या सुमारास लाइट गेली. मी झोपलेला. सकाळी आईने हाक मारली तेव्हा तीन सगळ्यात मोठे कोई आडवे तरंगत होते, बाकीचे काठाला तोंड लावून होते. प्राणवायू संपतो तेव्हा मोठे मासे आधी जातात, हे तेव्हा कळलं. लाइट येईपर्यंत आम्ही दोघं बादलीने तळ्यातलंच पाणी उचलून कमरेएवढ्या उंचीवरून परत ओतत होतो. त्याने उरलेले वाचले. पंप तळ्यावर होताच, पण तो मी दुपार डोळ्यांपुढे ठेवून घेतला होता.

तर तयारी. आधी टेप घ्या. लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने गुणा, लिटर आले. माझे ६००० लिटर. काठ उतरते असतील तर सरासरी खोली धरा. त्यानंतर माशांचं वजन, संख्या नव्हे. वीतभर कोईच्या जागी हातभर कोई झाला की तो एकटा आधीच्या कितीतरी माशांचा प्राणवायू खातो. तराजूवर तोलायची गरज नाही, अंदाज पुरतो. माझ्याकडे तेव्हा १० किलो होते.

हे दोन आकडे हातात असले की कागदावर गणित मांडता येतं. ३० अंशाच्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढाच प्राणवायू विरघळून राहतो. २० अंशाला तोच नऊच्या आसपास जातो, म्हणजे आपल्या हवेत सुरुवातच कमीने. ६००० लिटरमध्ये झाला ४५ ग्रॅम. पाचच्या वर मासे सुखात असतात, तीनच्या खाली हाल सुरू होतात. तीनपर्यंत उतरू द्यायचं म्हटलं तरी हाताशी २७ ग्रॅम. मासा किलोमागे तासाला ढोबळमानाने २०० ते ३०० मिलिग्रॅम घेतो, पोट भरलेलं असेल तर जास्त. १० किलोंना तासाला तीन ग्रॅमपर्यंत. नुसते मासे धरले तर नऊ तास. शेवाळ आणि गाळ यांचा वाटा धरला की ते चार-पाचवर येतात, आणि ढगाळ दिवसानंतर रात्रीची सुरुवातच भरल्या साठ्याने होत नाही. एक वाजता लाइट गेली, साडेपाचला मासे आडवे. गणिताने मला कुठेच सोडलं नाही.

इथे थोडं विषयांतर. पेण-अलिबागकडे खारपट्ट्यात घरामागे तळं खणून जिताडा पाळायची पद्धत आहे, आमच्या नात्यात अजून आहे. तिकडे कुणी पंप लावलेला मी लहानपणी पाहिला नाही. पसरट पाणी, मोजके मासे, उघडा वारा. आपण इवल्याशा हौदात चौपट मासे कोंबतो आणि चारही बाजूंनी भिंती बांधतो, म्हणून यंत्र लागतं. यंत्राचा खर्च झेपत नसेल तर निम्मे मासे कुणाला देऊन टाका, हाही उपायच आहे.

आता प्रकार. कारंजं सगळ्यांना आवडतं, मलाही. पण ते बहुतेक वरवरचंच पाणी उडवतं, आणि आवाजामुळे रात्री दहाला घरातलं कुणीतरी, नाहीतर शेजारच्या काकू, बंद करायला लावतात. नेमकी हवी त्या वेळी बंद पडणारी वस्तू मी मुख्य म्हणून घेणार नाही. छोटा धबधबा बरा, तळातून पाणी उचलत असेल तर चांगलाच. फक्त त्याचा पाण्यातला पंप वीज जास्त खातो. बॅटरी नसलेला सोलर एरेटर भर उन्हात जोरात चालतो, तेव्हा शेवाळ फुकट काम करतच असतं, आणि मावळतीला थांबतो. पॅडल व्हील कोळंबीच्या मोठ्या तळ्यांचं, अंगणात नको. एवढं गाळल्यावर उरतो काठावर ठेवायचा डायफ्रामचा, म्हणजे रबरी पडद्याने हवा ढकलणारा एअर पंप, नळी आणि तळाशी डिफ्युझर, म्हणजे बुडबुडे काढणारा छिद्रांचा दगड किंवा डिस्क. छोट्या तळ्याला माझं मत यालाच. बुडबुडे जितका प्राणवायू देतात त्याहून मोठं काम ते तळाचं पाणी उचलून वर हवेला लावायचं करतात, आणि हे रात्रभर फारसा आवाज न करता चालतं.

पंपाच्या खोक्यावर ‘१०० लिटर प्रतिमिनिट’ लिहिलेलं असेल तर दुकानदाराला विचारा, “दादा, किती खोलीवर?” तो खोकं उलटसुलट करून बघेल. तो आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. एक मीटर पाण्याखाली हवा ढकलायला ०.१ बार दाब लागतो, वर नळी आणि दगडाचा अडथळा. काचेच्या टाकीचा दोन-तीन वॅटचा पंप इथे दम टाकतो. खोलीनुसार हवा किती, याचा तक्ता ज्या पंपासोबत मिळतो तोच घ्या. माझ्या तळ्यावर एक मीटरला मिनिटाला चाळीसेक लिटर मिळतात आणि ते पुरतं. पंप ३५ वॅटचा आहे, चोवीस तास चालवून महिन्याला २५ युनिट. बिलासाठी टायमर लावायचाच असेल तर दुपारी बंद ठेवा, रात्री अजिबात नाही.

दगड बारीक छिद्रांचा घ्यावा की रबरी डिस्क, यावर फार डोकं लावू नका. बारीक बुडबुडा जास्त विरघळतो, पण छिद्रं शेवाळाने बुजतात, दाब वाढतो आणि डायफ्राम फाटतो. एक जादा डायफ्राम-किट पंपाबरोबरच घेऊन ठेवा, पुढे त्याच मॉडेलचं मिळेल याचा भरवसा नाही. डिफ्युझर अगदी तळाला टेकवू नका, वीतभर वर ठेवा. तळं जुनं आणि गाळाचं असेल तर पहिल्या दिवशी तासभरच चालवा आणि रोज वाढवत न्या. एकदम ढवळलं तर खालचं कुजकं, प्राणवायू नसलेलं पाणी सगळीकडे पसरतं.

पंपाची जागा आधी ठरवा, मग नळी मोजून घ्या. तो पाण्याच्या पातळीच्या वर हवा, आणि तरी नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व हवाच. नाहीतर लाइट गेली की पाणी उलटं चढून पंपात शिरतं. पावसापासून आडोसा द्या, पण बंद डब्यात कोंडू नका, तो स्वतःच्या हवेनेच थंड होतो. हवा घेणारा स्पंज महिन्याला धुवा. आमच्याकडे आजूबाजूला कायम कुठलीतरी इमारत उठत असते, त्यामुळे माझा पंधरा दिवसांतच सिमेंटच्या रंगाचा होतो.

एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. पावसाळ्यात डासांसाठी गल्लीत धूरवाले येतात. त्या धुरात बहुतेकदा पायरेथ्रॉइड जातीचं औषध असतं आणि ते माशांना फार विषारी. तुमचा पंप नेमकी तीच हवा ओढून पाण्यात सोडणार. मशीनची घरघर ऐकू आली की पंप बंद, तळ्यावर ताडपत्री, आणि धूर पूर्ण विरला की लगेच चालू. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण धूरवाले येतात तेव्हा तुम्ही कामावर असता. बंद केलेला चालू करायची आठवण कुणाची, हेही तेव्हाच ठरवा.

वायरिंगला इलेक्ट्रिशियन बोलवा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि प्लगच्या आधी वायरला खाली झोळ, म्हणजे पावसाचं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळावरून गळतं. पंपाची लाइन त्याच दिवशी इन्व्हर्टरवर घ्या. ३५ वॅट आठ तास म्हणजे २८० वॅट-तास, घरच्या बॅटरीला हे जड नाही. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचा हवा, साध्यावर हे पंप गुरगुरतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर लाइट गेल्यावर आपोआप सुरू होणारा छोटा बॅटरीचा पंप मिळतो. कमी हवा देतो, पण रात्र काढून देतो.

गच्चीवर तळं करायचा विचार असेल तर एरेटरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. एक मीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला हजार किलो, साधा स्लॅब त्यासाठी नसतो. बोअरचं पाणी भरणार असाल तर ते आधी वेगळ्या टाकीत दिवसभर हवा सोडून मगच तळ्यात, जमिनीतल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. आणि छपराच्या पन्हळीचं तोंड तळ्यावर नको, पहिल्या पावसात वर्षभराचा पाचोळा त्यातूनच उतरतो.

सगळं बसवून झालं की शनिवारी रात्री अकराला घरचा मेन स्विच खाली करा आणि खुर्ची टाकून तळ्याकाठी बसा. बुडबुडे क्षणभर थांबले पाहिजेत, इन्व्हर्टरचा खटका ऐकू आला पाहिजे आणि परत सुरू झाले पाहिजेत. माझ्याकडे पहिल्या वेळी झालेच नाहीत, पंपाचा प्लग चुकून कारंज्याच्या सॉकेटमध्ये होता. प्लग बदला, पुन्हा करून बघा, मेन खालीच ठेवून झोपा. साडेपाचचा गजर लावा आणि किट उशाशी घ्या. पाचच्या वर आकडा आला तर मेन वर करून परत झोपायला हरकत नाही, रविवार आहे.