दुबईची नोकरी: पगाराचा आकडा बघून होणाऱ्या या चुका टाळा

ऑफर लेटर आलं की घरात पहिला गुणाकार होतो. 8,000 दिरहम, दिरहमचा भाव धरा 23 रुपये, म्हणजे महिन्याला 1 लाख 84 हजार. वर पगारावर टॅक्स नाही. पुण्यात 90 हजार मिळत असतील तर पगार दुप्पट झाला असं वाटतं आणि राजीनाम्याचा मेल तयार होतो. हा गुणाकार चुकीच्या आकड्याचा आहे. तुम्ही दिरहममध्ये कमावणार आणि दिरहममध्येच राहणार, खाणार, फिरणार. रुपये होतात ते फक्त महिनाअखेरीस उरलेल्या रकमेचे. म्हणून उरणारी रक्कम आधी काढा आणि मग तिला भावाने गुणा.

रुपया घसरला की दुबईवाल्यांची चांदी, असं गावाकडे म्हणतात. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर महागला की दिरहमही महागतो, हे खरं. पण शिल्लकच नसेल तर भाव वाढून हातात काय पडणार?

एकूण पगार बघितला, बेसिक बघितला नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 8,000 दिरहमच्या दोन ऑफर समोर आहेत असं समजा. एकीत बेसिक 4,800 आणि बाकी भत्ते, दुसरीत बेसिक 3,200 आणि भत्ते जास्त. दर महिन्याला खात्यात सारखीच रक्कम येते, म्हणून फरक जाणवत नाही. नोकरी सोडताना मात्र तो समोर येतो.

अमिरातीत परदेशी कर्मचाऱ्याला आपल्यासारखा पीएफ नाही आणि पेन्शनही नाही. असते ती ग्रॅच्युइटी, आणि ती मोजतात बेसिकवर. किमान एक वर्ष नोकरी झालेली असेल तर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा बेसिक, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचा. 4,800 बेसिकवर पाच वर्षांचे 16,800 दिरहम होतात, तर 3,200 वर 11,200. त्याच खुर्चीत तेच काम करून 5,600 दिरहमचं नुकसान, तेही सही करताना एक ओळ न वाचल्यामुळे.

नोकरी गेल्यास मिळणाऱ्या सक्तीच्या विम्याचंही तसंच. बेसिक 16,000 पर्यंत असेल तर त्याचा हप्ता महिन्याला अवघा 5 दिरहम, पण भरपाई मिळते बेसिकच्या 60 टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. म्हणून एचआरशी बोलताना एकूण आकडा वाढत नसेल तर बेसिकचा वाटा वाढवून मागा. कंपनीचा त्या महिन्याचा खर्च तोच राहतो, त्यामुळे ही मागणी मान्य व्हायची शक्यता जास्त असते.

आणि भारतातल्या पगाराशी तुलना करताना इथला पीएफ विसरू नका. इथे मालक बेसिक आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्क्यांपर्यंत तुमच्यासाठी भरतो, तिथे ती बचत स्वतःच्या शिस्तीने करावी लागते.

भाड्याला बारा महिन्यांनी भागलं

वर्षाचं भाडं 48,000 दिरहम, म्हणजे महिन्याला 4,000, जमेल, असा विचार करून लोक जातात. दुबईत भाडं बहुतेक वेळा पुढच्या तारखांच्या चेकांनी देतात. कधी एक चेक, कधी चार, कधी बारा. चेक जितके कमी, तितकं घरमालक भाडं कमी करायला तयार. चार चेक ठरले तर पहिल्याच दिवशी 12,000 द्यावे लागतात. त्यावर फर्निचर नसलेल्या घराचं डिपॉझिट साधारण 5 टक्के, म्हणजे 2,400. ब्रोकरचं कमिशन साधारण तितकंच. दुबईत वीज-पाणी पुरवणाऱ्या ‘देवा’ (DEWA) या सरकारी संस्थेकडे फ्लॅटचं डिपॉझिट 2,000. झाले 18,800 दिरहम, म्हणजे दोन पगारांहून जास्त, आणि घरात अजून गादीसुद्धा आलेली नाही.

पुढे देवाच्या बिलात दर महिन्याला पालिकेची हाउसिंग फी लागून येते, वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के. आपल्या उदाहरणात महिन्याला 200. एसीचा गारवा इमारतीच्या भाड्यात धरलेला आहे की चिलरचं बिल वेगळं येणार, हे घर बघतानाच विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये एसी चोवीस तास चालतो.

आता 8,000 मधून 4,200 वजा करा. राहिलेल्या 3,800 मध्ये वीज, पाणी, इंटरनेट, किराणा, प्रवास, फोन, मुलं असतील तर शाळा, आणि गावाकडचा गृहकर्जाचा हप्ता. एकट्या माणसाला हे जमतं, कारण तो शेअरिंगमध्ये किंवा बेड स्पेसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन, राहून भाडं बरंच खाली आणू शकतो. त्याच पगारात बायको-मुलांना नेलं तर शिल्लक जवळपास संपते. कुटुंबाचा व्हिसा मिळायला 4,000 दिरहम पगार, किंवा 3,000 आणि राहायची सोय, पुरते. पण व्हिसा मिळण्याइतका पगार म्हणजे संसार चालण्याइतका पगार नव्हे. पहिलं वर्ष एकट्याने काढून मग घरच्यांना बोलवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेड स्पेस घेताना पार्टिशन घातलेली खोली टाळा. दुबई पालिका अशा खोल्यांवर कारवाई करते आणि मग राहणारेच नवी जागा शोधत फिरतात.

स्वस्त म्हणून शारजा किंवा अजमानला घर घेणारे पुष्कळ. भाडं वाचतं हे खरं, पण सकाळी तिथून दुबईला येणाऱ्या अल इत्तिहाद रोडवर किती वेळ अडकून पडाल ते आधी एखाद्या कामाच्या दिवशी स्वतः जाऊन बघा. गाडी असेल तर सालिकचा टोल गर्दीच्या वेळी एका गेटला 6 दिरहम.

शाळेचा खर्च अंदाजाने धरला

दुबईतल्या खाजगी शाळांची फी इयत्तेनुसार केएचडीए (KHDA) या तिथल्या शिक्षण नियामक संस्थेच्या वेबसाइटवर दिसते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा ब्रिटिश शाळांपेक्षा बऱ्याच स्वस्त असतात. बस आणि गणवेश वेगळे धरा.

चुकीच्या महिन्यात निघाले

ही चूक फारशी कुणी सांगत नाही. नोकरीसाठी परदेशी जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिला असेल, तर आयकराच्या हिशेबात तो त्या वर्षी निवासीच धरला जातो. म्हणजे 28 सप्टेंबरपर्यंत निघालात तर त्या वर्षीचा दुबईचा पगार इथे करपात्र ठरत नाही, त्यानंतर निघालात तर मार्चपर्यंतच्या पगारावर इथे कर लागू शकतो. जॉइनिंगची तारीख तुमच्या हातात असेल तर सीएशी बोलून ठरवा. गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या आणि तिथले पैसे एनआरई (परदेशी कमाईसाठीचं खातं) खात्यात पाठवा. एनआरईवरचं व्याज भारतात करमुक्त आहे.

व्हिजिट व्हिसावर जाऊन कामाला लागले

“आधी व्हिजिटवर या, मग व्हिसा करून देतो” असं एजंट म्हणाला की सावध व्हा. मुलाखती द्यायला व्हिजिटवर जाणं ठीक. पण वर्क परमिटशिवाय एक दिवसही काम करणं बेकायदेशीर आहे, आणि पगार बुडाला तर तक्रार करताना हातात कागद नसतो. 2022 पासून लागू असलेल्या कामगार कायद्यानुसार भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो, तो तुमच्या पगारातून कापता येत नाही. भारतातला परवानाधारक एजंट जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेऊ शकतो. त्याचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असतं, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जायला सरकारी मंजुरी लागते असा शेरा. त्यांनी मंजुरी न घेता निघूच नये.

आधीच गेला असाल आणि गणित बसत नसेल तर

पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला असेल तर परत मागा, तो ठेवायचा मालकाला अधिकार नाही. पगार लांबत असेल तर आधी लेखी विचारणा करा, मग मानव संसाधन मंत्रालयाच्या, म्हणजे मोहरेच्या ॲपवर तक्रार नोंदवा. पगार बँकेतून सरकारी यंत्रणेच्या नजरेखाली जमा व्हायचा असतो, त्यामुळे तुमचं बँक स्टेटमेंट हा भक्कम पुरावा ठरतो. रोखीने पगार घेतला की तोच पुरावा हातचा जातो. डीआयएफसी (दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर) सारख्या वित्तीय फ्री झोनमधली नोकरी असेल तर तिथला कायदा वेगळा आहे. दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात आपल्या लोकांना सल्ला मिळतो.

प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं. त्या काळात नोकरी सोडून देशाबाहेर जायचं तर 14 दिवसांची लेखी नोटीस लागते, तिथेच दुसरीकडे जायचं तर एक महिन्याची.

घराचा करार संपत आला की मालक भाडं वाढवायला येतो. घाबरून हो म्हणू नका. वाढीची सूचना त्याने 90 दिवस आधी द्यायला हवी, आणि दुबई लँड डिपार्टमेंटच्या रेंटल इंडेक्समध्ये तुमच्या घराची माहिती घालून किती वाढ कायदेशीर बसते ते काढता येतं. कित्येकदा उत्तर शून्य येतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून मालकाला पाठवा आणि जुन्याच भाड्यावर नूतनीकरण मागा.