दोन्ही दहा सारखे नसतात: बर्फाच्या कारखान्यातली जोखीम कशी मोजाल

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडच्या बर्फाच्या कारखान्यांत मी सुरक्षेचं काम बघतो. नवा सुपरवायझर आला की त्याच्या हाती कागद देऊन आधी प्लांटमध्ये पिटाळतो. ऑफिसात बसून केलेली धोक्यांची यादी मी वाचतच नाही.

प्रत्येक धोक्याला १ ते ५ मधले दोन आकडे द्यायचे. घडण्याची शक्यता किती, आणि घडलंच तर परिणाम किती. मग गुणाकार. ओल्या फरशीवर पाय घसरणं रोजचंच, म्हणून शक्यता ५. बहुतेकदा पाय मुरगळण्यावर भागतं, म्हणून परिणाम २. झाले १०. बर्फ गोठवायला लागणारा विषारी अमोनिया ज्या टाकीत द्रवरूपात साठतो, त्या रिसीव्हरमधून मशीनचं साचलेलं तेल काढताना व्हॉल्व्ह उघडा राहणं: शक्यता २, परिणाम ५. हेही १०! पण परिणामाच्या रकान्यात ५ दिसला की गुणाकार काहीही येवो, ते काम आधी. हात सुटताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवा, तेल काढताना दुसरा माणूस जवळ ठेवा. मास्क सगळ्यात शेवटी. मास्क दिला म्हणून शक्यता कमी लिहिणारे बरेच भेटतात. मास्कने गळती थांबते होय?

शक्यता वर्षभर एकच नसते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत प्लांट बंद पडून असतो, पाइपांच्या इन्सुलेशनखाली गंज वाढतो. ऑगस्टात मशीन सुरू करताना गळतीची शक्यता ४ धरा. परिणामही वाऱ्यावर ठरतो. दुपारी खारे वारे गॅस वस्तीकडे नेतात, रात्री मतलई वारे धक्क्यावरच्या बोटींकडे. त्या दोन ओळी वेगळ्या लिहा.

पर्यावरणाचा रकाना लोक हमखास कोरा सोडतात. अमोनिया पाण्यात विरघळतो, म्हणून हवेतल्या गॅसवर फवारे मारतात. ठीक. पण तेच पाणी गटारातून खाडीत गेलं तर मासे मरतात. ते अडवायला टाकी आहे का, ते बघून आकडा टाका. साचलेल्या द्रव अमोनियावर मात्र पाणी नको. तो उणे ३३ अंशालाच उकळतो. पाण्याच्या उष्णतेने आणखी जोरात वाफ होतो.

आकडे भरताना कॉम्प्रेसरवरच्या ऑपरेटरला शेजारी बसवा. कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवती गॅस अडवणारं सील असतं, तो ग्लँड. "ग्लँडपाशी वास येतो का रे कधी?" विचारा. "येतो की अधूनमधून," म्हणाला, तर शक्यतेतला १ खोडून ३ करा आणि त्याच दिवशी ग्लँड उघडायला लावा.