ट्रम्पेटचा पोचा ठोकू नका, घोटा

लग्नसराई संपली की बँडची वाद्यं पोचे घेऊनच परततात. कुठं कर्णा, म्हणजे वाद्याचं पसरट तोंड, भिंतीला लागलेला, कुठं टेम्पोत ट्रम्पेटवर ढोल पडलेला. पोचा दिसला की हात आपसूक हातोडीकडे जातो आणि तिथंच घात होतो. पुण्याच्या तांबट आळीत भांड्याला मठारतात, ते ठोक्यांनी धातू कणखर व्हावा म्हणून. ट्रम्पेटचा पत्रा मात्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ठोकला की पसरतो, ताठरतो आणि एका पोच्याच्या जागी चार लाटा उठतात.

आधी पिस्टन (बोटांनी दाबायच्या कळा) काढून वाद्य कोमट साबणपाण्यानं धुवा. मग ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरवा. प्रकाशाची रेघ जिथं वाकते तिथं पोचा आहे. गुलाबी ठिपके दिसले तर थांबा. तिथल्या पितळेतलं जस्त निघून गेलेलं असतं, जोर लावला की भोक पडतं.

कर्ण्यासाठी टणक लाकडाचा, त्याच गोलाईचा गुळगुळीत ठोकळा व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) घट्ट धरा. कर्णा त्यावर चढवून दोन्ही हातांनी दाबत मागंपुढं ओढा, आत गेलेला पत्रा वर येऊ लागतो. आता बाहेरून तेलाचा थेंब टाकून पोलादी घोटणीनं पोच्याच्या काठापासून मध्याकडे घोटत या. घाई करू नका. बोट फिरवून पाहा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला कळतो.

नळीचं काम गोळीचं. सुटी होणारी नळी काढा, आत तेल सोडा, पोच्यातून अडत अडत जाईल एवढी पोलादी गोळी टाका. तिच्यामागं दुसरी, थोडी लहान गोळी टाकून नळी हलवा. मागची पुढचीला ठोसे देत नेते. पहिली सहज जाऊ लागली की किंचित मोठी घ्या, पण नळीच्या मूळ व्यासापेक्षा मोठी कधीच नको. अडकली तर दुसरी गोळी उलट्या तोंडानं सोडून तिला मागं हाकला.

गोळी पोचत नाही तिथं जुने कारागीर पोच्यावर कथलाच्या डागानं दांडी जोडून ओढतात. त्या आचेनं लॅकर, म्हणजे वाद्यावरचा पारदर्शक लेप, जळतं, म्हणून लॅकर असलेल्या वाद्यावर हे नको.

वेळ कमी असेल तर फुंकायच्या मुखपीठाजवळची नळी आधी घ्या. तिथला छोटा पोचाही सूर बिघडवतो, कर्ण्यावरचा बहुधा फक्त दिसतो. पिस्टनच्या घरांना मात्र हात लावू नका. तिथं केसभर फरक पडला तरी पिस्टन अडकतो, ते काम अनुभवी कारागिराकडेच द्या.