जुनं सागवान घेताना हे बघा
मुंबईत जुनी चाळ पाडली की दारं-खिडक्या, तुळया भंगारवाल्याकडे येतात, त्यात सागवान मिळालं तर सोडू नका कारण ते वर्षानुवर्षं सुकलेलं असतं, आपल्या पावसाळ्यात फुगत नाही फारसं. पण घेताना टोकाकडून बघा, आतला सोनेरी-तपकिरी गाभाच खरा टिकतो, बाहेरच्या पांढरट भागाला वाळवी लागते. खिळे आधी सगळे काढा नाहीतर रंध्याचं पातं गेलंच, तसंही सागात सिलिका (वाळूतला कठीण पदार्थ) असते त्यामुळे धार लवकर बोथट होते. आणि सर्वात महत्त्वाचं, लाकूड तेलकट असतं, म्हणून जोड चिकटवायच्या अगदी आधी ताजा रंधा मारा, थिनरने पुसा, सुकलं की लगेच गम लावा. मगच जोड पक्का बसतो.