स्वस्तातला जुना मिररलेस कॅमेरा घेताय? या चुका टाळा

जुना मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यायला निघालेल्या बहुतेकांचा हिशोब एका वाक्यात आटोपतो: ‘बॉडी एवढ्याला मिळतेय.’ मीही तसाच फसलो होतो. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, झकास होती. लेन्स नव्हती, बॅटरी एकच आणि तीही फुगलेली, आणि चार्जरबद्दल विकणारा म्हणाला, ‘सापडला की पाठवतो.’ तो अजून सापडलेला नाही. लेन्सपुरते पैसे उरलेच नव्हते, त्यामुळे पुढचे दोन महिने कॅमेरा कपाटात पडून होता.

तेव्हा पहिली चूक हीच: सगळे पैसे बॉडीत ओतणं. लेन्स, दोन धडधाकट बॅटऱ्या, चार्जर आणि कार्ड यांची किंमत आधी काढा आणि उरेल त्यात बसणारी बॉडी शोधा. हिशोब उलटा वाटतो खरा, पण फोटोत फरक पडतो तो लेन्सने. २०१२ची बॉडी आणि झूम न होणारी एक चांगली लेन्स ही जोडी, चार वर्षांनी नवी बॉडी आणि तिच्यासोबत येणारी ढिसाळ किट लेन्स यापेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

‘पण मेगापिक्सेल कमी पडतील ना?’ हा प्रश्न हमखास येतो. १६ मेगापिक्सेलचा फोटो ४६०८ × ३४५६ पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तर साधारण १५ × ११.५ इंचांचा प्रिंट निघतो. फोरके स्क्रीनला तर जेमतेम ८ मेगापिक्सेल लागतात. विषय संपला.

माउंट आधी, मॉडेल नंतर

यादीत एखादा कॅमेरा संशय यावा इतका स्वस्त दिसला, तर बहुधा त्याचं माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ती खाच आणि तिची लेन्स-मालिका, कंपनीने बंद केलेलं असतं. सॅमसंगची एनएक्स मालिका २०१० साली आली, २०१४च्या एनएक्स१ने तिचं खूप कौतुकही झालं, आणि नंतर कंपनीने तो धंदाच गुंडाळला. निकॉन १ मालिका २०११ ते २०१८ एवढीच जगली. कॅननचं ईएफ-एम माउंट २०१२चं, तेही आता मागे पडलं. हे कॅमेरे वाईट नाहीत. पण सॅमसंगच्या लेन्सची मोटर गेली, तर दुसरी शोधताना नाकी नऊ येतात. त्यातल्या त्यात ईएफ-एम बरं, कारण अ‍ॅडॅप्टर लावून कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स त्यावर ऑटोफोकससकट चालतात. बॉडीसोबत हव्या त्या दोन लेन्स मिळत असतील आणि पुढे काही वाढवायचं नसेल, तर बंद माउंटही खुशाल घ्या. फक्त ते ‘आत्ता घेऊ, लेन्स नंतर बघू’ या बेताने घेऊ नका.

जिवंत माउंटांत तंगीतल्या माणसाला दोन सोयीची. एक मायक्रो फोर थर्ड्स: २००८च्या पॅनासॉनिक जी१पासून सुरू झालेलं, पॅनासॉनिक आणि ऑलिंपसच्या लेन्स एकमेकांच्या बॉडीवर बसतात. दुसरं सोनीचं ई-माउंट, २०१०च्या नेक्स-३ (NEX-3) आणि नेक्स-५पासूनचं. या NEX मधला इंग्रजी ‘ई’ विसरलात तर शोधताना सॅमसंगचे कॅमेरे समोर येतात, म्हणून सोनीचं नाव नेक्स असं म्हणूनच लक्षात ठेवा.

मायक्रो फोर थर्ड्समध्ये एक खाच आहे, ती विकणारे सहसा सांगत नाहीत. ऑलिंपसने स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, बॉडीत ठेवलं, पॅनासॉनिकने सुरुवातीला लेन्समध्ये. पॅनासॉनिकच्या मायक्रो फोर थर्ड्स बॉडीत ते २०१३च्या जीएक्स७पासून आलं. ऑलिंपसच्या बहुतेक लेन्समध्ये ते नसतंच. म्हणजे त्याआधीची पॅनासॉनिक बॉडी आणि ऑलिंपसची लेन्स अशी जोडी जमवलीत, तर हात थरथरण्यावर दोन्हीकडून काहीच इलाज नाही. फोटो हलतात, आणि माणूस समजतो फोकस बिघडलाय.

बॅटरीचंही माउंटसारखंच. सोनीची एनपी-एफडब्ल्यू५० ही एकच बॅटरी सुरुवातीच्या नेक्सपासून ए६०००, ए६५०० आणि पहिल्या दोन पिढ्यांच्या ए७पर्यंत चालते, त्यामुळे ती कुठेही मिळते. ए६०००चा कागदावरचा आकडा एका चार्जला साडेतीनशे फोटोंच्या आसपास आहे. दहा वर्षं जुन्या बॅटरीकडून त्याच्या निम्म्याचीही अपेक्षा धरू नका. फुगलेली बॅटरी खाचेत अडकते. ती ओढून काढायच्या फंदात बॉडीचं दार तुटतं.

शटर काउंटच्या मागे धावू नका

‘शटर काउंट फक्त आठ हजार’, म्हणजे शटर आजवर तेवढ्याच वेळा उघडलं, ही ओळ वाचून लोक भाळतात. गाडीचं किलोमीटर बघावं तसा तो आकडा बघितला जातो. मिररलेसमध्ये त्याचा अर्थ आणखी पातळ होतो: इलेक्ट्रॉनिक शटरचे, म्हणजे पडदा न हलवता काढलेले, फोटो बऱ्याच बॉडी त्यात धरत नाहीत, आणि तासन्‌तास केलेला व्हिडिओ त्यात दिसतच नाही. आठ हजार फोटो काढून पाच वर्षं दमट कपाटात पडलेल्या कॅमेऱ्यापेक्षा साठ हजार फोटो काढलेला, रोज हाताळलेला कॅमेरा मला जास्त विश्वासाचा वाटतो. शटर हलत राहतं, पण दमट अंधारात लेन्सला बुरशी चढते.

‘टेस्ट केलेला नाही, पण चालू असावा’ अशी जाहिरात दिसली, की तो टेस्ट केलाय आणि चालत नाहीये असं धरून चाला. चार्ज केलेली बॅटरी टाकायला दोन मिनिटं लागतात. ज्याला विकायचंय तो तेवढं करतोच. लांबून घेत असाल तर आजच्या आज काढलेला, जसाच्या तसा, मूळ आकाराचा फोटो मागा: एक पांढऱ्या भिंतीचा, एक कोणत्याही मजकुराचा. चॅटमधून आलेला दाबून लहान केलेला फोटो काही उपयोगाचा नाही.

हातात आल्यावर

सोबत छोटा टॉर्च आणि स्वतःचं कार्ड न्या. कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून कमी. २००८-०९च्या कॅमेऱ्यांना ६४ जीबीचं एसडीएक्ससी कार्ड वाचताच येत नाही, आणि त्या एका एररवरून चांगला कॅमेरा परत केल्याचं मी पाहिलंय.

टॉर्च लेन्ससाठी. लेन्स काढा, एका बाजूने उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. चार-दोन धूलिकण दिसतीलच, ते फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी, आणि काचेवर सर्वत्र धुकं साचल्यासारखं दिसलं तर फोटो उजेडाकडे पाठ करून काढले तरच बरे येतील. दोन्ही साफ करण्याचा खर्च किट लेन्सच्या किमतीइतका होतो. सोनीची १६-५० मिमीची झूम किंवा तशी मोटरवर उघडणारी लेन्स असेल, तर कॅमेरा दहा वेळा बंद-चालू करा. अशा लेन्स मरायला टेकल्या की आधी अडखळतात.

सेन्सरसाठी लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/१६वर आणा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळपट ठिपके दिसतील. ब्लोअरने हवा मारल्यावर जे हलले ती धूळ. जे साफसफाईनंतरही जागचे हलत नाहीत, तिथे ओरखडा असण्याची शक्यता धरा. मग लेन्सवर झाकण लावून आयएसओ ८०० वर दहा सेकंदांचा एक फोटो. दोन-चार रंगीत ठिपके म्हाताऱ्या सेन्सरला असतातच, ऑलिंपसमध्ये पिक्सेल मॅपिंग आणि पॅनासॉनिकमध्ये पिक्सेल रिफ्रेश नावाची सोय त्यासाठीच आहे. पण आडवी किंवा उभी अखंड रंगीत रेघ आली, तर कॅमेरा खाली ठेवा आणि चहा न घेता निघा.

मेकॅनिकल शटर लावून कॅमेऱ्याच्या सर्वांत जलद वेगाला, बहुधा १/४०००ला, फोटो काढा. एका कडेला काळा पट्टा आला तर शटरचा पडदा मागे पडतोय. हे १/१२५ला कधीच दिसत नाही आणि विकणारा नेमका १/१२५लाच दाखवतो.

डायल एकाच दिशेने वीस टिचक्या फिरवा. आकडा मध्येच उलटा गेला किंवा जागेवर राहिला तर आतला भाग झिजलाय. रोज छळणारं दुखणं आहे ते, आणि दुरुस्ती म्हणजे बॉडी उघडणं. हलणारा स्क्रीन पूर्ण वर, पूर्ण खाली करा. एखाद्या विशिष्ट कोनात चित्र थरथरलं तर आतली पट्टीवायर तुटायला आलीय. रबर सुटलेलं, रंग गेलेला, कोपऱ्याला खरचटलेलं, हे सगळं घासाघीस करायला उत्तम. स्क्रूंची डोकी झिजलेली दिसली, तर मात्र आत कुणीतरी हात घातलेला आहे.

मेनू उघडून भाषा बघा. जपानी बाजारासाठी बनवलेल्या सोनी आणि पॅनासॉनिकच्या कित्येक बॉडींमध्ये मेनू फक्त जपानीत असतो आणि तो बदलण्याची सोय दिलेली नसते.

बिघाड नसलेले बिघाड

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात जे फोन येतात, त्यातले निम्मे बिघाड नसतातच.

शटर दाबलं तर काहीच होत नाही, आणि पुढे जुनी मॅन्युअल लेन्स अ‍ॅडॅप्टरवर आहे? कॅमेऱ्याला वाटतंय लेन्सच नाही. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ अशा अर्थाचा पर्याय चालू करा. (जाता जाता: अशा लेन्स जमवण्याचा नाद लागतो. ५० मिमीची लेन्स मायक्रो फोर थर्ड्सवर १०० मिमीसारखी आणि एपीएस-सीवर (सोनीच्या नेक्समध्ये असतो त्या आकाराच्या सेन्सरवर) ७५ मिमीसारखी दिसते, म्हणजे जुन्या लेन्सच्या ढिगातून वाइड लेन्स काही हाती लागत नाही.)

चालू केल्यावर लेन्स तपासा असा संदेश येतो आणि लेन्स दुमडणारी आहे? रिंगवरचं बटण दाबून ती फिरवून बाहेर काढा. आकड्याच्या जागी एफ पुढे नुसत्या दोन रेघा आल्या, तर लेन्सचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि ‘टक्’ ऐकू येईपर्यंत लेन्स बसवा.

स्क्रीन काळा पण बाकी सगळं चालू: व्ह्यूफाइंडरजवळचा डोळ्याचा सेन्सर पाहा. त्यावर मळ बसलाय किंवा पट्टा आडवा आलाय, आणि कॅमेरा समजतोय तुम्ही आत बघताय.

बंद कॅमेरा हलवला की आत खुळखुळतं? बॉडीत स्टॅबिलायझेशन असलेल्या काही मॉडेलांमध्ये वीज नसताना सेन्सर मोकळाच असतो. चालू केल्यावर आवाज थांबला तर ठीक. मग १/८ सेकंदाला हातात धरून चार-पाच फोटो काढा. सगळेच हलले तर ती यंत्रणा गेली.

नळीच्या दिव्याखाली फोटोत आडवे पट्टे येतात ते इलेक्ट्रॉनिक शटरमुळे. मेकॅनिकल लावा.

आणि दर वेळी चालू केल्यावर तारीख विचारणारा कॅमेरा. आत एक छोटी चार्ज होणारी बॅटरी असते, ती वर्षानुवर्षं रिकामी राहिलेली असते. भरलेली मुख्य बॅटरी टाकून, कॅमेरा बंद ठेवून पूर्ण दिवसभर तसाच राहू द्या, मग तारीख भरा. त्यानंतरही विचारत राहिला तर ती छोटी बॅटरी मेलीय. बॉडी उघडण्याइतकं ते मोठं दुखणं नाही, मी तसाच एक कॅमेरा वापरतो आणि त्याच्या मते माझे सगळे फोटो १ जानेवारीला काढलेले आहेत.